तसबीर कुणाच्या हातात आहे? ‘संशयकल्लोळ’ पुन्हा बसवताना

आमच्या हौशी मंडळाने जुनं विनोदी नाटक बसवायचं ठरवलं तेव्हा पहिलं नाव निघालं आचार्य अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’. ते मला मनापासून आवडतं, पण मला संहितेत हात घालायचा होता. काही प्रवेश कापायचे, दोन जोडायचे, एखादं पात्र कमी करायचं. अत्रे गेले १९६९ साली. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे २०२९ साल सरेपर्यंत त्यांच्या परवानगीशिवाय असलं काही करता येत नाही. पु. लं.च्या नाटकांचं तर २०६० सरेपर्यंत. परवानगी मागायची ती दुसऱ्याच्या घरातली भिंत पाडायला, हे मला पटेना. ऑर्गन वाजवणारे आमचे अण्णा म्हणाले, “सांगलीत बसून एवढा विचार कसला करतोस? हरिपूरला एक चक्कर मारून ये.”

हरिपूर म्हणजे ‘संशयकल्लोळ’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं जन्मगाव. त्यांना जाऊन शंभरहून जास्त वर्षं झाली, म्हणजे परवानगीचा प्रश्नच नाही. चिंचेच्या झाडांच्या त्या रस्त्यावरून मी लहानपणापासून कृष्णा-वारणेच्या संगमावर जात आलोय, पण देवलांचं नाटक करायचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ‘शारदा’ शाळेत होती आणि ‘संशयकल्लोळ’ म्हणजे आजोबांच्या रेडिओवरची पदं, एवढंच माझं नातं. त्या रात्री संहिता वाचायला घेतली आणि फाल्गुनरावांनी मला पहाटेपर्यंत जागं ठेवलं. एकटा बसून मी मोठमोठ्याने हसत होतो. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचं लिखाण एका माणसाला रात्री दोन वाजता असं हसवतं, तर ते सभागृहातल्या चारशे लोकांना का हसवणार नाही? पुढचे आठ महिने मी याच एका प्रश्नाशी झगडत होतो, कारण पहिल्या वाचनाला कुणीच हसलं नाही.

ज्यांना नाटक ठाऊक नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. फाल्गुनराव संशयी नवरा आणि कृत्तिका तितकीच संशयी बायको. अश्विनशेठ नावाच्या श्रीमंत तरुणाचं रेवतीवर प्रेम आहे आणि त्याने तिला आपली तसबीर दिली आहे. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरायला धावतात आणि नेमकं ते कृत्तिका खिडकीतून बघते. रेवतीच्या हातून पडलेली तसबीर कृत्तिकेला सापडते. कृत्तिका ती न्याहाळत असताना फाल्गुनराव मागून येतात, आणि आपल्या बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर पाहून त्यांचं डोकं फिरतं. तसबीर ते हिसकावून घेतात. मग तीच तसबीर त्यांच्याजवळ अश्विनशेठला दिसते, आणि त्याला वाटतं की रेवतीनेच ती या म्हाताऱ्याला दिली. चार माणसं, एक तसबीर, आणि प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी ‘पाहिलेलं’.

देवलांची ही मूळ कल्पना नव्हे, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६० मध्ये पॅरिसला एक छोटा प्रहसनवजा खेळ केला. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये लंडनच्या रंगभूमीसाठी लांबलचक पाच अंकी नाटक रचलं. त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिलं, आणि पुढे त्यात पदं घालून त्याचं संगीत नाटक केलं. देवल गेले त्याच वर्षी, १९१६ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती. ही सगळी साखळी मी पहिल्या तालमीला सर्वांना मुद्दाम सांगितली, कारण आमच्यातल्या दोघा ज्येष्ठांना देवलांच्या शब्दाला हात लावणं म्हणजे पाप वाटत होतं. देवलांनी मर्फीला आणि मर्फीने मोलिएरला जे केलं तेच आपण करतोय, असं म्हटल्यावर ते जरा सैलावले. तरी एक काका म्हणाले, “दादा, देवल देवल होते.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

माझी पहिली रंगावृत्ती मी आजच्या काळात आणली होती. फाल्गुनराव निवृत्त अधिकारी, कृत्तिका गृहसंकुलाच्या बाल्कनीत, अश्विनशेठ बांधकाम व्यावसायिक, आणि तसबिरीच्या जागी मोबाईलमधला फोटो. लिहिताना फार मजा आली. वाचनाला मात्र तिसऱ्याच पानावर आमच्या रेवतीने, म्हणजे बी.कॉम.ला असलेल्या आणि गाणं शिकणाऱ्या मुलीने, विचारलं, “पण हा तिला फोन का नाही करत?” सगळे गप्प. तिचं अगदी खरं होतं. एक फोन केला की नाटक संपतं. शिवाय मोबाईलमधला फोटो पडत नाही, सापडत नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात नाही. तो एकाच वेळी पन्नास जणांकडे असू शकतो. तसबीर मात्र एकच असते. ती माझ्याकडे आहे याचा अर्थ ती तुझ्याकडे नाही. अख्खं नाटक या एका गोष्टीवर उभं आहे, आणि मी पहिल्या फटक्यात तिलाच काढून टाकलं होतं. ती वही मी बाजूला ठेवली आणि नाटक पुन्हा त्याच्या काळात नेलं. धोतर, उपरणं, पगडी, कंदील.

मग कापाकापी. पूर्वी संगीत नाटक रात्री सुरू व्हायचं आणि वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायचं. आम्हाला मध्यंतर धरून पावणेतीन तासांत पडदा पाडायचा होता. मी तांबडी पेन्सिल घेतली आणि जिथे जिथे तेच ते पुन्हा येतंय असं वाटलं तिथे सरळ रेघ मारत गेलो. फाल्गुनराव भादव्याला, आपल्या नोकराला, खोदून खोदून विचारतात. एकदा विचारून समाधान झालं नाही की पुन्हा, मग उलट्या बाजूने. मला वाटलं, आजच्या प्रेक्षकाला एवढा दम नाही, एकदा विचारलं की कळलं. चार पानांचा प्रवेश मी दीड पानावर आणला आणि स्वतःवर खूश झालो.

ते दीड पान तालमीत उभं केलं आणि प्रवेश थंडगार पडला. फाल्गुनराव करणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, तीस वर्षं रंगभूमीवर काम केलेले. त्यांनी दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने करून पाहिलं, मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, “अरे, मला चढायला पायऱ्याच ठेवल्या नाहीस. संशय एकदम येत नाही. तो मी माझ्या हाताने वाढवतो. भादव्या जे खरं सांगतो त्यातूनच मी खोटं काढतो, हे लोकांना दिसायला नको?” आम्ही मूळ प्रवेश काढला आणि जसाच्या तसा वाचला. पहिल्या प्रश्नाला कुणी हसलं नाही, दुसऱ्याला एकजण हसला. तिसऱ्याला सगळे. तिसऱ्या वेळेला प्रश्न कोणता येणार हे आम्हाला आधीच कळलं होतं आणि आम्ही त्याची वाट बघत होतो. हसू आलं ते त्या वाट बघण्यातून.

मग मी तांबड्या पेन्सिलीबरोबर निळी घेतली. प्रत्येक वाक्याशेजारी समासात लिहायला लागलो: या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि पात्राला काय माहीत नाही. असं लिहायला लागल्यावर नाटक माझ्यापुढे एखाद्या घड्याळासारखं उघडं पडलं. जुनी भाषा, लांब वाक्यं, संस्कृत शब्द, ज्यांची मला भीती वाटत होती ते बहुतेक निरुपद्रवी निघालं. अर्थ कळला नाही तरी माणूस हसतो, जर पुढे काय घोटाळा होणार हे त्याला कळलेलं असेल. उलट शब्द अगदी सोपा करून ठेवला, पण तसबीर आत्ता कुणाजवळ आहे हे त्याच्या नजरेतून सुटलं, तर पुढची दहा मिनिटं वाया. ‘हृदयी धरा हा बोध खरा’ या पदात संशयाला ‘खट झोटिंग’ म्हटलंय. तरुण मुलांपैकी एकालाही झोटिंग माहीत नव्हता. अण्णांनी सांगितलं, झोटिंग म्हणजे भूत, मानगुटीवर बसणारं. मग ते पद म्हणताना आमची रेवती ‘झोटिंग’ शब्दावर नुसतं फाल्गुनरावांच्या मानेकडे बघते. काका मान चोळतात. ज्याला शब्द ठाऊक नाही त्यालाही तो तिथे कळतो. शब्द बदलला असता तर हा क्षणच मिळाला नसता.

तसबीर हा तर वेगळाच अध्याय. आमच्या नेपथ्यवाल्या मित्राने जुन्या बाजारातून पितळी चौकटीतला तळहाताएवढा फोटो आणला. फार सुंदर वस्तू, हातात घेतली की सोडवत नव्हती. रंगीत तालमीला मी सभागृहात शेवटून तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. कृत्तिका काहीतरी उचलते आणि काहीतरी बघून लाजते, एवढंच दिसलं. पितळ दिव्यांच्या पिवळ्या उजेडात विरघळून गेलं होतं. त्या रात्री आमच्या कृत्तिकेने, म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी, घरच्या जुन्या शालूचा लालभडक तुकडा कापून त्याची घडीची डबी शिवली. आत फोटो, बाहेर लाल शालू. आता ती डबी फाल्गुनरावांच्या बाराबंदीतून बोटभर जरी डोकावली तरी शेवटच्या रांगेतला माणूस सावरून बसतो. एकदा प्रयोगात काकांनी चुकून ती उजव्याऐवजी डाव्या बाजूला खोचली. प्रवेशभर लाल टोक दिसतच नव्हतं आणि अश्विनशेठचं दचकणं लोकांना कळलंच नाही. नेहमीचा मोठा हशा गेला. वाक्य एकही चुकलं नव्हतं.

घेरीचा प्रवेश सगळ्यात जास्त दिवस खाऊन गेला, आणि तोच मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. १९१६ मध्ये रेवती हा पुरुष होता. बालगंधर्वांना फाल्गुनरावांनी मिठीत सावरलं तरी रंगमंचावर दोन पुरुषच होते, आणि ते प्रेक्षकाला ठाऊक होतं. आज तिथे खरोखरची वीस वर्षांची मुलगी आहे आणि सावरणारा साठीचा माणूस. पहिल्या तालमीनंतर ती माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, “दादा, मला असं अंगावर पडायला नको वाटतं. काका चांगले आहेत, पण नको वाटतं.” काकांनाही तसंच वाटत होतं, ते बोलले नव्हते इतकंच. विनोदी नाटकात असल्या झोंबाझोंबीवर सहज हशा मिळतो, तो सोडायला काहीजण तयार नव्हते. मी दोन दिवस मागितले.

उत्तर मिळालं खिडकीत. नेपथ्याच्या आराखड्यावर मी कृत्तिकेच्या जागी बोट ठेवलं आणि तिला काय दिसेल ते बघत बसलो. ती वरून आणि मागून बघते. म्हणजे फाल्गुनरावांची पाठ तिच्याकडे, रेवती त्यांच्या पलीकडे. मग रेवती पाराच्या कट्ट्यावर टेकते. फाल्गुनराव तिच्यापासून चांगले हातभर दूर उभे, एका हाताने तिची छत्री तिच्या डोक्यावर धरलेली, दुसऱ्या हाताने उपरण्याने वारा घालतायत, आणि तिला अजिबात स्पर्श होऊ नये म्हणून अंग चोरून, वाकून. प्रेक्षकाला समोरून ते हातभर अंतर लख्ख दिसतं. खिडकीतून मात्र छत्रीआड दोन डोकी एकमेकांजवळ आणि उपरण्याची हालचाल, एवढंच. कृत्तिकेला जे दिसतं ते भयंकर आहे, आणि ते घडतच नाहीये हे आम्हाला डोळ्यांनी दिसतंय. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा तबलजी हसता हसता तबल्यावर आडवा झाला. प्रत्यक्ष मिठीत हे नव्हतं. मिठीत कृत्तिकेचा संशय थोडासा खराच ठरतो. मुलीचा नकार आला नसता तर मी जुनीच रीत चालवली असती आणि हे मला कधीच सापडलं नसतं.

खिडकीबद्दल आणखी एक. पहिल्या प्रयोगाला ती प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, जरा मागे ठेवली होती. उजव्या अंगाचे लोक पोट धरून हसत होते आणि डाव्या अंगाचे शांत. मला वाटलं, तिकडे वयस्कर मंडळी बसलीत. मध्यंतरात तिकडे जाऊन बसल्यावर कळलं की तिथून खिडकीच दिसत नाही, पुढच्या विंगेचं कापड आडवं येतं. अर्ध्या सभागृहाला कृत्तिका दिसलीच नव्हती! दुसऱ्या प्रयोगापासून खिडकी मधोमध, दोन फूट उंच चौथऱ्यावर.

कृत्तिका करणाऱ्या ताईंनी एक प्रश्न फार आधी विचारला होता. “फाल्गुनराव संशय घेतात तेव्हा लोक त्यांना हसतात, पण लोभाने. मी संशय घेते तेव्हा मी कजाग दिसते. असं का?” आम्ही जुन्या प्रयोगांची ध्वनिमुद्रणं ऐकली. कृत्तिकेचा आवाज पहिल्या वाक्यापासून वरच्या पट्टीत. म्हणजे संहितेत दोघं सारखेच, पण परंपरेने तिला चढवून ठेवलेलं. आम्ही तिच्यासाठी एक शब्दही नवा लिहिला नाही. फक्त खिडकीत ती ओरडायच्या आधी आठ सेकंद गप्प उभी राहते आणि मग खिडकी हळूच लोटून घेते. आठ सेकंद, मी घड्याळ लावून मोजलेत. त्या आठ सेकंदांत ती पहिल्यांदा प्रेक्षकांची होते. मग ती कितीही आदळआपट करो, लोक तिच्याबरोबर असतात.

आता सगळ्यात अवघड गोष्टीकडे येतो. देवलांनी रेवतीला नायकिणीची, म्हणजे नाचगाण्यावर जगणाऱ्या कलावंतिणीची, मुलगी केलं आहे. मर्फीच्या नाटकात ही मुलगी एका घरंदाज गृहस्थाची लेक आहे. देवलांनी हा बदल का केला असावा याबद्दल माझं मत असं, की १८९३ च्या महाराष्ट्रात घरंदाज कुटुंबातली मुलगी लग्नाआधी प्रियकराला तसबिरी देत-घेत, एकटी रस्त्यातून जाताना दाखवताच आली नसती. नाटकाला तर मोकळेपणाने हिंडणारी, बोलणारी, गाणारी तरुण मुलगी हवी. ती त्यांना त्या काळी एकाच ठिकाणी मिळत होती. ही त्यांची कारागिरी होती, आणि शिवाय रेवतीला त्यांनी लग्नाची, मानाची आस असलेली मुलगी रंगवलं. पण त्या काळची ही युक्ती आज नाटकातलं सगळ्यात जड ओझं होऊन बसली आहे. बाकी सगळं हलकंफुलकं आणि मध्येच ‘ही बहू चपल वारांगना’. अश्विनशेठ संशयाने पेटतो आणि ज्या मुलीवर जीव टाकत होता तिच्या जन्मावरच घाव घालतो.

आधी साधा उपाय सुचला: रेवतीला गायिका करायचं, तिच्या घरातल्या मघा नायकिणीला गाण्याची शिक्षिका, आणि पद गाळायचं. पंधरा दिवस त्यावर काम केलं. मग मुलं कंटाळली, कारण अश्विनशेठच्या संशयाला काही दातच उरले नव्हते. एरवीचा कुणीही प्रियकर रुसतो तसा तो रुसायचा. आणि रेवती लग्नासाठी एवढी का अडून बसते, हे तर कळेनासंच झालं. शिवाय मला आतून लाज वाटत होती. जी माणसं खरोखर होती, ज्यांच्या घरांतून आपल्या रंगभूमीला आणि गाण्याला केवढं काही मिळालं, त्यांना आपल्या सोयीसाठी नाटकातून पुसून टाकायचं? ते मी मागे घेतलं.

त्याच दिवसांत एका शाळकरी मुलीने, तालमीला आईबरोबर येणारीने, मला विचारलं, “नायकीण म्हणजे हिरॉईन ना?” मग मात्र मी एक छोटासा संवाद नवा लिहिला. संपूर्ण रंगावृत्तीत पदरचं असं शेवटी राहिलं ते तेवढंच. रेवती आणि मघा दिवेलागणीला बसल्यात, आणि या घरातल्या मुलीला लग्न का नाकारलं जातं ते दोघींच्या बोलण्यातून दीड मिनिटात कळतं. आणि ‘ही बहू चपल वारांगना’ ठेवलं. अश्विनशेठ ते रंगमंचाच्या एका टोकाला म्हणतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला, अंधुक उजेडात, रेवती आपल्या दारात बसून हरवलेली तसबीर शोधते आहे. पेटी उघडते, कपडे झटकते, पुन्हा पेटी. तिने तसबीर कुणाला दिली नाही, ती हरवलीय आणि ती घाबरलीय हे आम्हाला दिसत असताना तो तिला ते शब्द म्हणतो. त्या पदाला पहिल्या प्रयोगात टाळी आली नाही. पद संपल्यावर सभागृह शांत होतं. अण्णांनी ऑर्गनवरून माझ्याकडे बघून मान हलवली. जी व्यवस्था एरवी हसवते तीच इथे गळ्याशी येते. लोकांना आधी सगळं ठाऊक असतं म्हणूनच.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. बदललेली संहिता टंकून नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली, प्रमाणपत्र आलं. पगड्या भाड्याने मिळाल्या, नऊवारी घरोघरच्या कपाटांतून. पहिल्या दोन प्रयोगांत भादव्याच्या तोंडी आम्ही निवडणुकीवर आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांवर वाक्यं घातली होती. हशा कडाडून यायचा. पण त्या हशानंतर लोक एकदम आजच्या सांगलीत यायचे आणि त्यांना पुन्हा फाल्गुनरावांच्या ओसरीवर न्यायला पाच मिनिटं लागायची. भादव्या करणाऱ्या पोराला वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण वाक्यं काढली. चौथ्या प्रयोगाला त्याने त्याच जागी नुसता एक आवंढा गिळला आणि त्याहून मोठा हशा घेतला.

पदं किती ठेवायची यावरून अण्णांशी माझं कडाक्याचं भांडण झालं. ‘मृगनयना’, ‘कर हा करी’, ‘मजवरी तयाचे प्रेम खरे’, ‘संशय का मनी आला’, ‘हृदयी धरा’ यांना हात लावायचा नाही हे दोघांनाही मान्य होतं. वाद होता तो उरलेल्यांचा. माझं म्हणणं, ज्या पदाने घोटाळा एक पाऊल पुढे जातो किंवा पात्राच्या मनातलं प्रेक्षकाला नव्याने कळतं ते ठेवायचं. बाकीचं कितीही गोड असलं तरी गाळायचं. अण्णांचं म्हणणं, गोड असणं हेच पदाचं काम. ‘सुकांत चंद्रानना पातली’ मी गाळलं. अण्णा दोन दिवस तालमीला आले नाहीत.

नंतर फोंडा तालुक्यातल्या एका गावातून देवळाच्या उत्सवात प्रयोग करायचं बोलावणं आलं. गोव्यात जत्रेला संगीत नाटक करायची रीत अजून जिवंत आहे. गावातली मंडळी स्वतः उभी राहतात, नोकरीसाठी मुंबईला गेलेली माणसं तालमीसाठी सुट्टी काढून येतात. असल्या जाणत्या गावासमोर जाताना मला धडकी भरली होती. मांडवात रात्री साडेदहाला पडदा उघडला. लोक पदांच्या पहिल्या ओळी आमच्याआधी पुटपुटत होते. लाल डबी बाहेर आली की मागून कुणीतरी बायको-मुलांना सांगत होतं, “ती बघ, ती बघ.” मध्यंतरानंतर अश्विनशेठचा प्रवेश होऊन गेला आणि पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. रागावले नव्हते. अगदी अदबीने म्हणाले, “आमचं ‘सुकांत चंद्रानना’ राहिलं की हो.” रंगमंचावर पुढच्या प्रवेशातलं पात्र, वैशाखशेठ, येऊन उभा होता. मी विंगेत गोठलो. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्यांनी ऑर्गनवर सूर धरला. अश्विनशेठ विंगेतून परत रंगमंचावर गेला, हात जोडून त्या आजोबांना नमस्कार केला आणि पद म्हटलं. वन्समोअर आला. पुन्हा म्हटलं. घोटाळा एक पाऊलही पुढे गेला नाही आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

प्रयोग संपल्यावर मांडवाच्या कडेला चहा चालला होता. साधारण पंचाहत्तरीच्या एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “लहानपणापासून हे नाटक किती वेळा बघितलं त्याला गणती नाही. ते वारांगनेचं पद आलं की पुरुष माना डोलवायचे. मी उठून मागे चहा बघायला जायची. दर वेळेला. आज बसून राहिले.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “ती पोर पेटीत काय शोधत होती? तसबीरच ना?” मी हो म्हटलं. “वाटलंच मला,” म्हणाल्या आणि कप ठेवून गेल्या.

सांगलीला परत येताना रात्रीच्या गाडीत मी वही काढली. ‘सुकांत चंद्रानना’ दुसऱ्या अंकात परत घातलं. त्यासाठी चार मिनिटं लागणार होती, ती वैशाखशेठच्या प्रवेशातून काढली. पुढच्या सीटवर अण्णा जागेच होते. त्यांनी मागे वळून वही मागितली, चष्मा लावून ते पान बघितलं, आणि वैशाखशेठचं मी कापलेलं एक वाक्य पेन्सिलीने परत जोडून वही माझ्या हातात दिली.